पानांतलें मीठ आणि पातेल्यांतलें मीठ

गेल्या दिवाळीस आम्ही सारे कामरगांवीं जमलों होतों. वाशीम जिल्ह्यांतील कारंजा तालुक्यांतलें हें आमचें मूळ गांव. कपाशी, तूर आणि सोयाबीन यांच्या शेतांनीं वेढलेल्या या गांवांत आमचा जुना वाडा अजून उभा आहे आणि त्या वाड्यांत आमच्या काकू आहेत. काकूंनीं ऐंशी वर्षें केव्हांच ओलांडलीं. माजघरांत, आतां कोणी न फिरविणाऱ्या जात्याशेजारीं, त्यांची एक पत्र्याची पेटी असते. त्या पेटींत बत्तीस वह्या आहेत. आपल्या आईच्या, सासूबाईंच्या आणि दळणाकांडणास वाड्यांत येणाऱ्या बायांच्या तोंडच्या ओव्या काकूंनीं वर्षानुवर्षें या वह्यांत उतरून ठेविल्या. कोणी सांगितलें म्हणून नव्हे. विसरलें जाईल या भीतीनें.

या वह्यांचीं पानें पिवळीं पडून तुटूं लागलीं, तेव्हां आमच्या वहिनींनीं व पुतणीनें मिळून त्या संगणकावर उतरवावयास घेतल्या. घरचीं कामें सांभाळून हें काम दोन वर्षें चाललें. वहिनींनीं जुन्या संगणकावर जुन्या फाँटांत १८० फायली केल्या. पुतणीनें पुढें नव्या युनिकोड पद्धतीनें २३२ केल्या. एकंदर ४१२. मी पुण्यास याच व्यवसायांत असल्यामुळें "या साऱ्या एकसारख्या करून द्या" ही आज्ञा मजवर झाली.

मीं पहिल्या दिवशीं हिशेब मांडला. एक फाईल उघडावयाची, तींतील एक चूक शोधून दुरुस्त करावयाची आणि ती मिटावयाची, यास चार मिनिटें धरलीं तरी ४१२ फायलींस १६४८ मिनिटें, म्हणजे जवळजवळ साडेसत्तावीस तास लागणार. आणि दुरुस्त्या तर दहा-बारा प्रकारच्या होत्या! तो आंकडा ऐकून वहिनी म्हणाल्या, "भावोजी, एकदां सांगितलं कीं सगळ्या फायलींना ऐकूं जाईल, असं कांहीं नाहीं का?"

असें आहे, आणि पन्नास वर्षांहून अधिक काळ आहे. आपल्या घरोघर आतां संगणक आले; पण त्याच्याकडून आपण बहुधा टंकयंत्राचेंच काम करून घेतों. म्हणून वहिनींच्या प्रश्नाचें उत्तर येथें जरा विस्तारानें द्यावें, आणि तें देतांना मजकडून जो प्रमाद घडला तोहि सांगावा, असें मनांत आलें.

अक्षरांचे आंकडे

पंक्तींत मीठ दोन तऱ्हांनीं पोहोंचतें. एक, प्रत्येकाच्या पानांत डाव्या हाताला वाढून. दुसरें, वरणाच्या पातेल्यांत घालून. पहिल्या तऱ्हेंत वाढणाऱ्याला शंभर पानांपुढें शंभर वेळां वांकावें लागतें. दुसरींत एकदांच हात चालतो आणि तें शंभर पानांत जातें. एकच दुरुस्ती अनेक फायलींत एकदम करणें, हें पातेल्यांत मीठ घालण्यासारखें आहे. सोय कोणती तें उघड आहे. धोका कोणता तोहि गृहिणींना सांगावयास नको.

हें साधतें याचें कारण असें कीं, साध्या मजकुराच्या फायलींत रंग, चित्रें, सजावट असें कांहीं नसतें. एकामागून एक मांडलेले केवळ आंकडे असतात. युनिकोडमध्यें 'क' या अक्षराचा आंकडा २३२५ आहे. देवनागरीच्या मुख्य कोठ्यास २३०४ पासून पुढें १२८ स्थानें नेमून दिलेलीं आहेत. जेथें आंकड्यांची रांग आहे तेथें नियम चालतो, आणि नियम एका फायलीस लागू करणें व चारशें फायलींस लागू करणें यांत यंत्राच्या दृष्टीनें फरक फारच थोडा.

वहिनींच्या जुन्या फाँटांत मात्र अडचण निराळीच होती. त्या फाँटांत मराठी अक्षरें रोमन अक्षरांच्या स्थानांवर बसविलेलीं असत. तो फाँट असलेल्या संगणकावर ओवी दिसे. नसलेल्यावर रोमन अक्षरांचा अर्थहीन पसारा. शिवाय जुना फाँट अक्षरें दिसण्याच्या क्रमानें सांठवी, तर युनिकोड तीं उच्चारण्याच्या क्रमानें सांठवितो. 'किती' हा शब्द घ्या. कागदावर पहिली वेलांटी 'क'च्या आधीं दिसते, म्हणून जुन्या फाँटांत ती आधीं येई. उच्चारांत मात्र 'क' आधीं व 'इ' मागून, म्हणून युनिकोडमध्यें ती नंतर येते. रफाराचें याच्या उलट. 'सर्व' या शब्दांत रफार 'व'च्या डोक्यावर दिसतो, पण 'र'चा उच्चार 'व'च्या अगोदर होतो. 'स्थिती'सारख्या शब्दांत तर वेलांटीला अख्खें जोडाक्षर ओलांडून पलीकडे जावें लागतें. एवढे नियम नीट सांगितले कीं १८० फायली एका झटक्यांत नव्या लिपीपद्धतींत येतात. एक नियम विसरला तर १८० फायलींत एकच चूक सारख्याच निष्ठेनें होते.

पुतणीच्या फायलींतहि एक गूढ होतें. 'साऱ्या' हा शब्द शोधला तर अर्ध्याच ठिकाणीं सांपडे. याचें कारण असें कीं, हा अर्धा 'र' दोन रीतींनीं सांठवितां येतो: २३५३ या स्वतंत्र आंकड्याच्या अक्षरानें, किंवा नेहमींच्या 'र'ला हलन्त देऊन त्यापुढें एक अदृश्य सांधा घालून. डोळ्यांना दोन्ही रूपें अगदीं एक. यंत्राला तीं दोन परके शब्द. एका आज्ञेनें सर्व फायलींतील एक रूप बदलून दुसरें केलें आणि हरवलेल्या ओव्या सांपडूं लागल्या.

शोधाची कुळकथा

ही विद्या निघाली कोठें, याची कथा साहित्यप्रेमी घरांत सांगण्यासारखी आहे. १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं युनिक्स नांवाची यंत्रव्यवस्था रचावयास आरंभ केला. तींत यंत्राला लेखी आज्ञा देण्याची जी जागा असते तिला 'शेल', म्हणजे कवच, म्हणतात. त्याच प्रयोगशाळेंत ली मॅकमहॉन नांवाचे गृहस्थ होते. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या समर्थनार्थ १७८७-८८ सालीं एकाच टोपणनांवानें लिहिल्या गेलेल्या ८५ निबंधांपैकीं वादग्रस्त निबंध हॅमिल्टनचे कीं मॅडिसनचे, हें त्यांना शब्दांच्या वापरावरून ठरवावयाचें होतें. परंतु तो सारा मजकूर त्या वेळच्या लेखनसंपादकाच्या स्मरणांत मावेना. तेव्हां थॉम्प्सन यांनीं त्या संपादकांतील शोधण्याचें अंग तेवढें काढून स्वतंत्र केलें. हेंच पुढें जगप्रसिद्ध झालेलें 'ग्रेप'. मागाहून मॅकमहॉन यांनीं स्वतः 'सेड' रचलें. तें मजकुराच्या वाहत्या ओघांत, फाईल न उघडतां, शब्द बदलतें. ज्या हत्यारांस आपण रुक्ष यंत्रविद्या समजतों त्यांतील एकाचा जन्म असा निबंधाचा लेखक ओळखण्याच्या धडपडींतून झाला.

शेलमधील आज्ञा आपल्या भाषेंत मांडली तर अशी होते: "या फोल्डरमधील ज्या ज्या फायलीचें नांव टीएक्सटी या अक्षरांनीं संपतें, ती प्रत्येक फाईल घे, तींत अमुक शब्द शोध, त्याच्या जागीं तमुक घाल, आणि नवी प्रत दुसऱ्या फोल्डरमध्यें ठेव." 'ज्या ज्या' या शब्दांसाठीं एक लहानशी तारांकित खूण पुरते. ज्यांना आज्ञा लिहिण्याचा कंटाळा आहे त्यांच्यासाठीं नोटपॅड प्लस प्लससारख्या संपादकांत 'फाइंड इन फाइल्स' ही सोय असते; शोधावयाचा शब्द, घालावयाचा शब्द व फोल्डर एवढें भरलें कीं झालें. दोहोंत एक गोष्ट मात्र समान आहे. न उघडलेल्या फायलींत अशा रीतीनें केलेला बदल 'अन्डू' म्हणून मागें घेतां येत नाहीं.

आणखी एक खुबी ध्यानांत ठेवावी. समजा, सर्व फायलींत 'काका' आणि 'मामा' हे शब्द एकमेकांच्या जागीं पडले आहेत. प्रथम 'काका'चा 'मामा' केला, मग 'मामा'चा 'काका' केला, तर शेवटीं घरांत एकहि मामा उरणार नाहीं! दूध आणि ताक यांचीं भांडीं बदलावयाचीं तर तिसरें भांडें लागतें. तसा मजकुरांत कोठेंहि नसलेला एक तिसरा शब्द मध्यें घ्यावा लागतो. नियमांचा क्रम हाहि एक नियमच आहे.

माझा प्रमाद

येथवर सारें सुरळीत चाललें होतें, आणि माणसाला पहिल्या यशानंतरच अवदसा आठवते. या ओव्या पुण्याच्या व परदेशच्या नातलगांना पाठवावयाच्या होत्या. मीं मनांत म्हटलें, त्यांना हें वऱ्हाडी 'मले', 'तुले', 'आईले' कसें समजावें? 'मला', 'तुला', 'आईला' असें शुद्ध करून टाकावें. विचार आला आणि हातानें आज्ञा दिली: सर्व फायलींत 'ले'च्या जागीं 'ला' घाल. तीहि नव्या फोल्डरमध्यें नव्हे, जागच्या जागीं. यंत्रानें दोन पळांत काम संपविलें.

रात्रीं जेवणें झाल्यावर सारी मंडळी माजघरांत बसली. मीं मोठ्या प्रौढीनें पहिली फाईल वाचूं लागलों. दुसऱ्याच ओळींत काकूंनीं हात वर केला. "थांब. लाक म्हणजे काय रे?"

मीं पाहिलें तों 'लेक' या शब्दाचें 'लाक' झालेलें. लेकुरवाळीची लाकुरवाळी झाली होती. लेणें ल्यालेली सून लाणें ल्याली होती. माहेराहून आलेले दोघे भाऊ 'आला' होऊन एकटेच आले होते. मुलें तर हंसून हंसून लोळलीं. काकूहि हंसल्या. मला मात्र घाम फुटला. कारण हें उलट करतां येणार नव्हतें. 'ला'चें पुन्हा 'ले' करावें, तर मूळच्याच 'बोलला', 'लाडकी' या शब्दांचें काय होणार? एकट्याचा 'गेला' आणि पुष्कळांचा 'गेले' हे आतां एकच झाले होते. दोन ओढ्यांचें पाणी एकदां नदींत मिळाल्यावर तें पुन्हा निराळें करून कोण देणार? वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. पण त्यांचीं दोन वर्षें त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसलीं.

त्या वेळीं पुतणी उठली आणि आपल्या कपाटांतून एक पेन ड्राइव्ह घेऊन आली. "काका, काल तुम्ही सुरुवात करायच्या आधीं मी सगळं उतरवून ठेवलं होतं. तुम्ही रागवाल म्हणून बोललें नाहीं." तिचे मीं मनोमन पाय धरले.

दुसऱ्या दिवशीं मीं सावध झालों. आतां 'ले' असा मोघम नियम न देतां 'मले', 'तुले', 'त्याले' अशा शब्दांची यादी केली आणि तेवढेच अख्खे शब्द बदलले. येथेंहि एक खांच आहे. कित्येक साधनांना काना, मात्रा, वेलांटी हें अक्षरच वाटत नाहीं. त्यामुळें मराठी शब्द कोठें संपतो हें त्यांना नीट कळत नाहीं, आणि 'अख्खा शब्द' म्हणून सांगितलें तरी तीं मध्येंच कापतात. म्हणून शब्दाच्या दोन्ही अंगांना मोकळी जागा, ओळीचा आरंभ-शेवट किंवा विरामचिन्ह आहे कीं नाहीं हें आपणच नियमांत सांगितलें. या वेळीं एकहि लेक बिघडली नाहीं. मीं पुन्हा वाचावयास बसलों.

काकू ऐकत होत्या. चार-पांच ओव्या झाल्या, तरी त्या हंसल्या नाहींत, कीं कोठें थांबविलें नाहीं. शेवटीं म्हणाल्या, "तुझं शुद्ध झालं असेल, बाबा. पण माझी आई असं बोलत नव्हती."

मीं पुन्हा त्या ओळी पाहिल्या. 'मले'शीं 'आले'चें यमक होतें. 'मला' होतांच तें गेलें होतें. पण यमकाहून मोठें कांहीं गेलें होतें. जात्याशीं बसलेली एक स्त्री गेली होती आणि तिच्या जागीं पुण्याच्या शाळेंत शिकलेला तिचा एक पुतण्या बसला होता. पहिली चूक यंत्राला नीट न सांगण्याची होती. ती हंसण्यावारी गेली. दुसरींत यंत्रानें माझें अक्षरशः ऐकलें होतें, आणि म्हणूनच ती चूक अधिक खोल होती.

अठरा पर्वें, अठरा फायली

जी गोष्ट मला काकूंनीं एका वाक्यांत शिकविली, ती पुण्यांत शंभर वर्षांपूर्वीं थोर पंडितांनीं आपल्या कामाचें व्रत म्हणून स्वीकारली होती. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर १९१७ सालीं स्थापन झालें आणि १९१९ सालीं तेथें महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीस आरंभ झाला. देशभरच्या १२५९ पोथ्या या कामीं धुंडाळल्या गेल्या. एकेका श्लोकाचीं अक्षरें चौकटींच्या कागदावर मांडून त्याखालीं प्रत्येक पोथींतील निराळें अक्षर त्याच घरांत लिहावयाचें, अशी ती पद्धत होती. १९२५ सालीं डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर प्रमुख संपादक झाले. १९३३ सालीं आदिपर्व पूर्ण झालें. १९४३ सालीं सुखठणकर निवर्तले. आणि १९६६ सालीं सारें महाभारत पुरें झालें. आपल्याला गोड वाटेल तो पाठ घालावयाचा नाहीं. पुराव्यानें ठरेल तो वर ठेवावयाचा आणि न स्वीकारलेले पाठ तळटीपेंत जपावयाचे, हा त्यांचा कटाक्ष होता. 

या कार्याचा एक धागा आमच्या तालुक्यांतूनहि गेला आहे. कारंज्याच्या जैन मंदिरांतील ग्रंथभांडारांनीं अपभ्रंश भाषेच्या पोथ्या शतकानुशतकें राखल्या. त्यांच्या आधारानें जी कारंजा जैन ग्रंथमाला निघाली, तींत १९३१ सालीं पुष्पदंताच्या 'जसहरचरिउ'चें संपादन डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य यांनीं केलें. हेच वैद्य पुढें महाभारताच्या कर्णपर्वाचे व हरिवंशाचे संपादक झाले, आणि शेवटीं त्या महाकार्याचे प्रमुख संपादकहि.

पुढें या आवृत्तीचा पाठ संगणकावर आला. क्योटो येथील प्राध्यापक मुनेओ तोकुनागा यांनीं तो उतरविला आणि केंब्रिजचे जॉन स्मिथ यांनीं तो तपासून १९९९ सालीं सिद्ध केला. अठरा पर्वांच्या अठरा साध्या फायली! प्रत्येक ओळीच्या आरंभीं आठ आंकडे: दोन पर्वाचे, तीन अध्यायाचे, तीन श्लोकाचे. म्हणजे ०१००१००१ हा आंकडा पहिल्या पर्वांतील पहिल्या अध्यायाचा पहिला श्लोक सांगतो. या एका शिस्तीमुळें पाऊण लाखाच्या आसपास श्लोकांत एखादा शब्द कोठें कोठें आला, हें एका आज्ञेनें पर्व-अध्यायासकट कळतें. आधीं जोडलेलीं तीं शून्यें निरर्थक नव्हत. तीं नसतीं तर यंत्रानें १० ला २ च्या आधीं बसविलें असतें.

ओव्यांच्या बाबतींतहि असें काम झालेलें आहे. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनीं महाराष्ट्रांतील खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्या संगणकावर रचण्यांत बर्नार बेल यांचा मोठा वाटा होता. तेथें ओवीबरोबर ती गाणारणीचें नांव व गांव राहतें. ओवी आणि तिची धनीण यांची ताटातूट होऊं दिलेली नाहीं.

शेवटीं आम्हीं काय केलें

आम्हीं हाच कित्ता गिरविला. 'मूळ' नांवाचें एक फोल्डर केलें आणि तें केवळ वाचनापुरतें उघडें ठेविलें; त्याला आतां कोणतीहि आज्ञा शिवत नाहीं. दुसरें 'वाचन' नांवाचें. त्यांत फक्त यंत्राच्या चुका दुरुस्त केल्या: जुन्या फाँटाचें लिप्यंतर, अर्ध्या 'र'चीं दोन रूपें, दुहेरी मोकळ्या जागा. काकूंच्या आईचा एकहि शब्द बदलला नाहीं. परगांवच्या वाचकांसाठीं शेवटीं वऱ्हाडी शब्दांचा एक छोटा कोश जोडला. त्यांत 'मले' म्हणजे 'मला' असें लिहिलें आणि विषय संपविला. फायलींचीं नांवें ००१ पासून ४१२ पर्यंत तीन आंकडी केलीं. प्रत्येक ओवीपुढें वहीचा व पानाचा आंकडा घातला आणि जेथें काकूंना आठवलें तेथें ती कोणाच्या तोंडची हेंहि लिहिलें.

ज्या घरांत अशा वह्या, पत्रें, रोजनिशा किंवा कुलवृत्तांत उतरविण्याचें काम चालू असेल, त्यांच्यासाठीं या दिवाळीचें सार थोडक्यांत सांगतों. आरंभीं सर्व फायलींची प्रत करून ती दुसऱ्या ठिकाणीं व दुसऱ्या माणसाजवळ ठेवावी. बदलण्यापूर्वीं नुसतें शोधावें. किती ठिकाणीं सांपडलें तो आंकडा पाहावा आणि दहा-वीस स्थळें डोळ्यांखालून घालावींत. नियम प्रथम एकाच फायलीवर चालवावा. निकाल नेहमीं नव्या फोल्डरमध्यें घ्यावा. काम झाल्यावर मूळ व नवी प्रत शेजारीं ठेवून, फरक दाखविणाऱ्या साधनानें तपासावी. आणि यंत्राची चूक कोणती व माणसाची बोली कोणती, हें ठरवितांना ज्यांची ती बोली आहे त्यांस विचारावें.

निघण्याच्या आदल्या दिवशीं मीं हीं सारीं पथ्यें काकूंना वाचून दाखविलीं. त्या जात्याच्या पाळीवर हात ठेवून बसल्या होत्या. म्हणाल्या, "यांत नवीन काय सांगितलंस? वरणांत मीठ घालायच्या आधीं पळीभर वरण वाटींत घ्यावं, त्यांत चिमूट घालून चाखावं, मग पातेल्याला हात लावावा. आणि पंक्तीला कोण बसलं आहे तें आधीं बघावं."

नंतर त्यांनीं मला 'मूळ' फोल्डरमधली पहिली फाईल पुन्हा वाचावयास सांगितली. या वेळीं त्यांनीं मला कोठेंहि थांबविलें नाहीं. दुसऱ्या ओवीपासून त्या स्वतःच म्हणूं लागल्या.